पाणी ओसरले, पण लेकराच्या मनातल्या भीतीचे काय? आपत्तीनंतर लहान मुलांना सावरण्यासाठी घर, शाळा आणि गावाने काय करावे

मीरा रोड : जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की मीरा रोड पूर्वेच्या शांती नगरात सखल भागात पाणी साचते. तळमजल्यावरची माणसे गाद्या पलंगावर टाकतात, धान्याचे डबे माळ्यावर चढवतात, फ्रीजखाली विटा सरकवतात. मीटरमध्ये पाणी जाईल म्हणून लाइट बंद केली जाते. या सगळ्या धावपळीत चार-पाच वर्षांचे पोर एका कोपऱ्यात उभे राहून आईबापाचे तोंड बघत असते. दुसऱ्या दिवशी पाणी जाते, घर धुऊन निघते, दुकाने उघडतात. पोर मात्र त्यानंतर पाऊस आला की आईचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते.

गावाकडे यापेक्षा मोठे घडते. नदी घरात शिरते, डोंगर खाली येतो, जमीन हलते. शांती नगरातली बरीच कुटुंबे कोकण, रायगड, सातारा, सांगलीकडून आलेली आहेत. गावाला पूर आला किंवा दरड पडली की तिकडची लेकरे काही दिवस इकडे मामा-काकांच्या दोन खोल्यांत येऊन राहतात. त्यामुळे हा विषय शहराचाही आहे आणि शहापूर, मुरबाडच्या वाड्या-पाड्यांचाही.

आपत्तीनंतर तलाठी येतो, घराचा, पिकाचा, जनावरांचा पंचनामा होतो. मुलाच्या मनाच्या पडझडीचा पंचनामा कुठल्याच कागदावर नसतो. तो घरच्यांनाच करावा लागतो. बरीचशी दुरुस्तीसुद्धा घरातच होते, त्यासाठी फार मोठे शिक्षण लागत नाही. काय करायचे आणि काय टाळायचे, एवढे माहीत असले पाहिजे.

महाराष्ट्राने काय पाहिले

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर पडल्या आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या वेळी चार-पाच वर्षांची असलेली मुले आज पस्तिशीच्या पुढे आहेत. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील १२०० मुलांना पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली होती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई आणि ठाणे जिल्हा बुडाला, लोकल थांबल्या, असंख्य मुले त्या रात्री आईबापापासून लांब, शाळेत किंवा अनोळखी घरात राहिली. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गेले, १५१ जणांचा मृत्यू झाला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवासी होते, त्यात लहान मुले आणि गरोदर बायाही होत्या. त्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातील तळीये येथे दरडीने ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीतली काही मुले आश्रमशाळेत शिकायला होती म्हणून वाचली. त्यांना परतायला घरच राहिले नव्हते.

पालघर जिल्ह्यातली गोष्ट आणखी वेगळी. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन् महिने चालू राहिले. लोक थंडीत घराबाहेर, तंबूत झोपू लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये धक्क्याच्या वेळी घाबरून पळताना पडल्याने एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. तिथे आपत्ती एका दिवसात संपली नाही. अशा ठिकाणी ‘आता झालं ते झालं’ असे मुलाला सांगता येत नाही.

लहान मुलाला नेमके काय कळते

मोठ्या माणसाला पुराचे कारण कळते. धरणातून पाणी सोडले, नाला तुंबला, भरती होती. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला कारण आणि परिणाम यांचा मेळ नीट लागत नाही. ‘मी हट्ट केला म्हणून पाणी आलं’, ‘मी आजीशी भांडलो म्हणून ती गेली’, असे त्याला खरोखर वाटू शकते. ते बोलून दाखवत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

या वयात मरण म्हणजे कायमचे जाणे हेही पक्के समजलेले नसते. आजोबा उद्या परत येतील असे पोर धरून चालते. वेळेचा अंदाज नसतो. टीव्हीवर किंवा मोबाइलवर तोच पुराचा व्हिडिओ दहा वेळा दिसला तर दहा वेळा पूर आला असे त्याला वाटते.

आणि धोका किती आहे हे मूल स्वतः मोजत नाही. ते आईबापाच्या चेहऱ्यावरून, आवाजावरून मोजते. म्हणून घरातले एक तरी माणूस शांत असणे हे लेकरासाठी सगळ्यात मोठे औषध आहे.

वयाप्रमाणे दिसणारी लक्षणे

दोन वर्षांपर्यंत : जास्त रडणे, अंगाला चिकटून राहणे, दूध किंवा खाणे कमी करणे, झोप मोडणे, अनोळखी माणसाला बघून किंचाळणे.

तीन ते पाच वर्षे : सुटलेली सवय परत येणे. म्हणजे अंथरुणात शू, अंगठा चोखणे, बोबडे बोलणे. आई संडासला गेली तरी दाराशी रडत बसणे. अंधार, पाऊस, ढगांचा गडगडाट, रेल्वेची थरथर यांची भीती. पूर आला, घर पडले असाच खेळ पुन्हा पुन्हा खेळणे.

सहा ते आठ वर्षे : पोटात दुखते, डोके दुखते म्हणून शाळा चुकवणे, अभ्यासात लक्ष न लागणे, चिडचिड, मारामारी. तेच तेच प्रश्न विचारणे, ‘आज पाऊस येणार का?’ काही पोरं उलट अगदी शहाणी होतात, काही मागत नाहीत, रडत नाहीत. अशा गप्प पोराकडे जास्त लक्ष द्यावे.

पहिल्या काही आठवड्यांत यातले बरेच काही दिसणे स्वाभाविक आहे. याचा अर्थ मूल ‘वेडे’ झाले किंवा नाटक करते असा नाही. मोठ्या धक्क्यानंतर शरीर आणि मन सावध राहते, त्याचीच ही चिन्हे असतात. बहुतेक मुले घरचा आधार मिळाला तर हळूहळू पूर्ववत होतात.

एक गोष्ट आधी तपासावी. पुराच्या पाण्यातून चालल्यावर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे असे काही झाले तर तो मनाचा विषय समजून घरी बसू नये. लेप्टोस्पायरोसिस असू शकतो, २००५ च्या पुरानंतर मुंबईत त्याचे रुग्ण वाढले होते. आधी डॉक्टर गाठावा.

घरात काय करावे

१. मुलाला आईबापापासून तोडू नये. घर नीट होईपर्यंत पोराला लांबच्या नातेवाइकाकडे पाठवावे असे मोठ्यांना सोयीचे वाटते. लहान मुलाला मात्र घर पडल्यापेक्षा आई दिसत नाही याची भीती मोठी असते. पाठवणे भागच असेल तर आई किंवा बाप, नाहीतर रोजच्या सवयीचे आजी-आजोबा सोबत जावेत. भावंडे एकत्र ठेवावीत. कधी न्यायला येणार ते मुलाला समजेल असे सांगावे, ‘दोन वेळा झोपून उठलास की मी येणार.’ आणि त्या वेळी जावेच. रोज ठरलेल्या वेळी फोन करावा.

२. दिवसाची घडी बसवावी. उठणे, आंघोळ, जेवण, खेळ, झोप यांच्या वेळा शक्य तितक्या ठरलेल्या ठेवाव्यात. निवारा शिबिरात असले तरी हे जमते. संध्याकाळी दिवा लावून शुभंकरोती किंवा घरात जी प्रार्थना होते ती करावी, झोपताना एक गोष्ट सांगावी. पुढे काय होणार हे कळले की मुलाच्या मनाला टेकू मिळतो.

३. खरे सांगावे, पण थोडक्यात. ‘खूप पाऊस पडला, नाल्याचं पाणी घरात आलं. आता ते गेलंय. परत आलं तर आपण वरच्या मजल्यावर काकूंकडे जाऊ, मी तुझ्यासोबत असेन.’ एवढे पुरे. ‘आता कधीच पाणी येणार नाही’ असे वचन देऊ नये. पुढच्या पावसात ते मोडले की पोराचा मोठ्यांवरचा विश्वास जातो. तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहा वेळा तेच उत्तर न चिडता द्यावे.

४. मरण लपवू नये. ‘बाबा गावाला गेलेत’, ‘आजी झोपली आहे’ असे सांगितले तर मूल वाट बघत राहते, किंवा झोपायलाच घाबरते. ‘आजी वारली. तिचं शरीर काम करायचं थांबलं. ती आता परत येणार नाही. तुझ्यामुळे झालेलं नाही. आपण तिची आठवण काढू’, असे जवळ घेऊन, त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने सांगावे. देवाघरी गेली असे घरात म्हणत असतील तर म्हणावे, पण परत येणार नाही हेही सांगावे.

५. खेळू द्यावे. पोर बादलीत पाणी ओतून खेळण्यातले घर बुडवते, काड्यांचे छप्पर पाडते, ते बघून मोठ्यांना कसेतरी होते. रागावून थांबवू नये. जे बोलता येत नाही ते मूल खेळातून बाहेर काढते. जवळ बसावे आणि हळूच विचारावे, ‘आता यांना वाचवायला कोण येणार?’ खेळात बोट येते, दोर येतो, मामा येतो. मात्र प्रत्येक वेळी खेळताना पोर जास्तच घाबरत असेल किंवा स्वतःला लागेल असे करत असेल तर तो खेळ वळवावा.

६. अंथरूण ओले झाले म्हणून मारू नये, चारचौघांत लाजवू नये. झोपण्याआधी शू करून घ्यावी, खाली प्लॅस्टिक घालावे, सकाळी न बोलता गोधडी वाळत टाकावी. काही दिवस पोराला कुशीत झोपवले, रात्री छोटा दिवा चालू ठेवला तर ते बिघडत नाही.

७. घाबरल्यावर श्वास शिकवावा. गरम भाकरीवर फुंकर घालतो तशी हळू, लांब फुंकर घालायला लावावी. आधी नाकाने भाकरीचा वास घ्यायचा, मग तोंडाने फुंकर. पाच वेळा केले की छातीची धडधड कमी होते. आईनेही सोबत करावे, तिलाही उपयोग होतो.

८. छोटे काम द्यावे. वाटाणे सोलणे, चपला ओळीत लावणे, धुतलेली भांडी पुसणे. आपल्या हातून काही होते हे कळले की मूल लवकर सावरते. बापाची जागा घेण्याचे ओझे मात्र त्याच्यावर टाकू नये.

काय टाळावे

‘रडलास तर परत पाणी येईल’, ‘झोप, नाहीतर धरणी हलेल’, असे धाक कधीही घालू नयेत. ‘मुलगा असून रडतोस?’ असेही म्हणू नये. आलेल्या प्रत्येक पाहुण्यासमोर ‘सांग रे, तू कसा वाचलास’ म्हणून पोराला उभे करू नये. त्याला बोलायचे असेल तेव्हा ऐकावे, बोलायचे नसेल तर खोदून विचारू नये.

हीच गोष्ट कॅमेरा घेऊन येणाऱ्यांनाही लागू आहे. पोराला रडवून मिळवलेली बातमी कुणाच्याच भल्याची नसते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असे नाव, फोटो, शाळा छापण्यास बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. मदत वाटप करताना पोराच्या हातात पिशवी देऊन फोटो काढणाऱ्या मंडळांनीही हे लक्षात ठेवावे.

मोठ्यांची झोपेची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये. ‘बाधा झाली’, ‘बाहेरचं लागलं’ म्हणून मुलाला मारणे, धुरी देणे, उपाशी ठेवणे चालू देऊ नये. घरच्यांनी अंगारा लावला, दृष्ट काढली तर त्यावर वाद घालत बसू नये, पण त्यात डॉक्टरकडे जायचा वेळ घालवू नये.

आईबापाचे मन

पीक वाहून गेलेले असते, गोठ्यातली जनावरे गेलेली असतात, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. शहरात कामाचे दिवस बुडतात, हप्ता थांबत नाही. रात्री नवरा-बायको हळू आवाजात बोलतात आणि त्यांना वाटते की पोर झोपले आहे. ‘आता जगून काय करायचं’ हे वाक्य पोर ऐकते. त्याला पीककर्ज समजत नाही. आपला बाप जाणार आहे एवढे मात्र बरोबर समजते.

म्हणून पैशाची बोलणी मुलांपासून लांब करावीत. बाप दारूकडे वळत असेल, आई दिवसच्या दिवस उठत नसेल, जेवत नसेल, तर आधी त्यांना मदत मिळाली पाहिजे. मोठ्यांसमोर रडणे झाले तरी हरकत नाही. ‘मला वाईट वाटलं म्हणून रडले, आता बरं वाटतंय’ असे पोराला सांगितले की त्यालाही रडता येते आणि थांबताही येते. दोन तास शेजारणीकडे मूल सोपवून आईने झोप काढली तर तीही पोराचीच सेवा आहे.

अंगणवाडी, शाळा आणि निवारा शिबिर

शाळा लवकर सुरू होणे हा मुलांसाठी मोठा आधार आहे. इमारत पडली असेल तर देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली सुरू करावी. पहिले काही दिवस अभ्यासाचा रेटा लावू नये. गाणी, गोल करून खेळ, मातीकाम, चित्रे यांना वेळ द्यावा. वह्या-पुस्तके वाहून गेलेल्या मुलाला वर्गात उभे करून विचारू नये. ज्या मुलाच्या घरचे कोणी गेले आहे त्याच्याबद्दल वर्गाला आधीच समजावून सांगावे.

शिबिरात एक कोपरा फक्त मुलांचा असावा. चटई, खडू, चेंडू आणि रोज त्याच वेळी येणारी अंगणवाडी सेविका किंवा गावातली ताई, एवढे असले तरी पुरते. रोज नवे स्वयंसेवक येऊन लळा लावून जाण्यापेक्षा एकच माणूस महिनाभर येणे चांगले. संडासच्या वाटेवर रात्री दिवा असावा. एकट्या सापडलेल्या मुलाला कोणाच्याही हवाली करू नये, ‘मी सांभाळतो’ म्हणणारा कितीही भला वाटला तरी. पोलीस, १०९८ आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती हाच मार्ग आहे. आईबाप गमावलेल्या मुलांना नातेवाइकांकडेच वाढता यावे म्हणून क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची साधी पद्धत सांगितली, पाहा, ऐका आणि जोडून द्या. आधी धोका आणि गरज पाहायची, मग शांतपणे ऐकायचे, मग घरच्यांशी आणि सेवेशी जोडून द्यायचे. सरपंच, पोलीस पाटील, आशा ताई, सोसायटीचे सेक्रेटरी, कोणालाही हे जमते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही डिसेंबर २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक आधार हा मदतकार्याचाच भाग मानला आहे.

पुढचा पावसाळा

भीती वर्षभराने परत डोके काढते. माळीणचे लोक एप्रिल २०१७ मध्ये नव्या गावठाणात राहायला गेले आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते, भराव खचले. मोठ्यांच्या पोटात गोळा आला, तिथे पोरांचे काय झाले असेल. म्हणून जून लागण्याआधी मुलाशी बोलावे आणि त्याला तयारीत घ्यावे.

पोराची स्वतःची एक पिशवी भरावी. त्यात कोरडे कपडे, बिस्किटे, छोटी बॅटरी, आवडते खेळणे किंवा गोधडीचा तुकडा आणि आईबापाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवावी. पाणी वाढले तर कुठे जायचे ती वाट त्याला दिवसा, उन्हात, हसतखेळत चालवून दाखवावी. भूकंपाच्या भागात डोके झाकून कुठे बसायचे आणि मोकळ्या जागेत न धावता, न ढकलता कसे जायचे याचा खेळ घ्यावा. अशा सरावाने भीती पूर्ण जात नाही. पण पळत सुटण्याऐवजी काय करायचे हे पायांना माहीत होते.

डॉक्टरकडे कधी न्यावे

लक्षणे चार आठवड्यांनंतरही कमी होत नसतील किंवा वाढत असतील, मूल खेळत नसेल, शाळेत जात नसेल, झोप पार उडाली असेल तर दाखवावे. खाणे-पिणे बंद झाले, बोलणे पूर्ण थांबले, झटके आले, स्वतःला इजा करू लागले, किंवा ‘मला पण आजीकडे जायचंय, मला मरायचंय’ असे म्हणाले तर एक दिवसही थांबू नये. लहान मूल काहीही बोलते म्हणून सोडून देऊ नये.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयापासून करता येते. अंगणवाडी आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगावे. ठाण्यात १९०१ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाणे म्हणजे पोरावर शिक्का बसणे नव्हे, बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येते.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

टेलिमानस : १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६ (मोफत, चोवीस तास, मराठीतून बोलता येते. आईबापांनी स्वतःसाठीही करावा.)

चाइल्ड हेल्पलाइन : १०९८ (हरवलेले, एकटे पडलेले किंवा त्रासात असलेले मूल)

तातडीची मदत : ११२

घराची भिंत उभी करताना गवंडी आधी पाया बघतो. पोराच्या बाबतीत पाया म्हणजे रोज त्याच वेळी ताटावर बसवणारे, विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देणारे आणि रात्री दचकून उठल्यावर हाताला लागणारे एक माणूस. नुकसानभरपाईचा धनादेश येईल तेव्हा येईल. हे माणूस मात्र आज रात्रीच पोराजवळ असले पाहिजे.